सासूबाईंची नर्स केस मॅनेजमेंट फर्म: त्यात करिअर करावं का?

रातराणी

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी नॉर्थ कॅरोलायनात, शार्लटला आरएन (रजिस्टर्ड नर्स) आहे. ९ वर्षं ऑर्थोपेडिक वॉर्डात, त्यातली ६ नाइट ड्यूटी, बारा-बारा तासांच्या पाळ्या. मुलगी पहिलीत आहे. ती शाळेला निघते तेव्हा मी घरी येऊन झोपायच्या तयारीत असते.

सासूबाईही नर्स. चोवीस वर्षांपूर्वी हॉस्पिटल सोडून त्यांनी स्वतःची केस मॅनेजमेंट फर्म काढली. कामावर दुखापत झालेल्यांच्या, म्हणजे वर्कर्स कॉम्पच्या (कामगार भरपाई विम्याच्या) केसेस. विमा कंपनीचा दावे हाताळणारा अ‍ॅडजस्टर फाइल पाठवतो. नर्स त्या माणसाला भेटते, डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटला जाते, उपचार कुठे अडलेत ते शोधते, तो कामावर कधी आणि कसा परतू शकेल ते डॉक्टर आणि मालक दोघांशी बोलून जुळवते, आणि रिपोर्ट लिहिते. सासूबाई धरून चार नर्सेस आहेत. बिलं माझा नवरा बघतो, कॉम्प्युटरचं सगळं दीर. ऑफिस गॅरेजवरच्या खोलीत.

आता त्या सत्तरीला आल्या. म्हणतात, "तू ये, मी शिकवते. मग हळूहळू तूच सांभाळ."

गेल्या महिन्यात त्यांच्यासोबत एक दिवस जाऊन आले. छतावरून पडलेला रूफर होता, टाचेचं हाड मोडलेलं. डॉक्टरांनी वर्क स्टेटस नोटवर "लाइट ड्यूटी" एवढंच लिहिलं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, याच्या मालकाकडे लाइट ड्यूटी म्हणजे छतावर चढण्याऐवजी खालून शिंगल्सचे गठ्ठे उचलून देणं. एकेक गठ्ठा साठ-सत्तर पौंडांचा." डॉक्टरांनी कागद परत मागून घेतला आणि लिहिलं: १० पौंडांवर उचलायचं नाही, शिडी नाही, तासाला १५ मिनिटांपेक्षा जास्त उभं राहायचं नाही. त्या माणसाने तो कागद चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि वरून दोनदा हात फिरवून बघितला.

गाडीत बसल्यावर सासूबाईंनी लगेच गाडी सुरू केली नाही. वही मांडीवर घेतली, घड्याळ पाहून ९:१२ ते ९:४८ असं लिहिलं, डॉक्टर काय बोलले ते त्यांच्याच शब्दांत उतरवलं, मग किल्ली फिरवली.

मला ते काम मनापासून आवडलं. नऊ वर्षांत मी पेशंटला डिस्चार्जच्या व्हीलचेअरपर्यंतच पाहिलंय. पुढे त्याचं काय झालं, ते कधी कळलंच नाही.

पण भीतीही वाटते. बॉस सासू, पगाराचा चेक नवरा काढणार. हॉस्पिटलचा हेल्थ इन्शुरन्स आणि ४०१(के), म्हणजे निवृत्तीची बचत, सुटणार. दोन वर्षांनी नाही जमलं तर बेडसाइडला परत कोण घेईल? आणि सुनेला आयती गादी मिळाली असं लोक म्हणतील, ते वेगळंच. या क्षेत्रातल्या कुणी मोकळेपणाने सांगाल का?

केवडा

आधी पार्ट टाइम करून बघा की. मी एका मोठ्या कंपनीसाठी टेलिफोनिक केस मॅनेजमेंट करते, घरून. गाडी चालवणं नाही, रात्र नाही. पण तुम्ही जे रूफरचं वर्णन केलंय ते फोनवर होत नाही, हेही खरं. फोनवर मला "लाइट ड्यूटी"च ऐकू आलं असतं.

उंबरठा

रातराणी, मी १७ वर्षं हेच काम करतेय, त्यातली सुरुवातीची सहा दोन बहिणींच्या फर्ममध्ये. सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी स्वतःचं सर्टिफिकेशन. नॉर्थ कॅरोलायनात वर्कर्स कॉम्पच्या फाइलवर काम करणाऱ्या नर्सला इंडस्ट्रियल कमिशनचे (वर्कर्स कॉम्प बघणाऱ्या राज्याच्या संस्थेचे) रिहॅबिलिटेशनचे नियम लागू होतात. नुसतं आरएन असून भागत नाही. सीसीएम (सर्टिफाइड केस मॅनेजर), सीआरआरएन (रिहॅबिलिटेशन नर्सिंग), सीओएचएन (ऑक्युपेशनल हेल्थ नर्सिंग) असं मान्य सर्टिफिकेशन लागतं. नसेल तर ते मिळेपर्यंत पात्र व्यक्तीच्या देखरेखीखाली ठरावीक काळ काम करता येतं. सीसीएमच्या परीक्षेला बसायचं तर सीसीएम असलेल्या माणसाच्या हाताखाली पूर्ण वेळ १२ महिने केस मॅनेजमेंट केलेली चालते, तशी देखरेख नसेल तर २४ महिने लागतात. सासूबाई सीसीएम असतील तर तुमचं एक वर्ष वाचलं. पण "घरचंच आहे" म्हणून कागद ढिले ठेवू नका. जॉब डिस्क्रिप्शन, रुजू झाल्याची तारीख, आठवड्याचे तास, सगळं पहिल्या दिवसापासून लिहिलेलं हवं. परीक्षा ३ तासांची, १८० प्रश्न, त्यातले १५० मोजले जातात. पुढे दर ५ वर्षांनी ८० तासांचं शिक्षण दाखवून नूतनीकरण. बेडसाइडला परत कोण घेईल ही तुमची भीती याने बरीच कमी होईल, कारण सीसीएमला हॉस्पिटलच्या डिस्चार्ज प्लॅनिंगमध्ये, इन्शुरन्समध्ये, सगळीकडे मान आहे.

दुसरं, लायसन्स. तुमचं मल्टिस्टेट आहे का बघा. नर्स लायसन्सर कॉम्पॅक्टचं (एका लायसन्सवर अनेक राज्यांत काम करू देणाऱ्या राज्यांमधल्या कराराचं) सुधारित रूप जानेवारी २०१८ मध्ये सुरू झालं. त्यात नॉर्थ आणि साउथ कॅरोलायना, जॉर्जिया, व्हर्जिनिया, टेनेसी आहेत. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क नाहीत. पेशंट जिथे असेल तिथलं लायसन्स लागतं, आपण कुठे बसलोय ते बघत नाहीत. शार्लटला हे रोजचं आहे. माणूस शार्लटमध्ये कामाला आणि राहायला साउथ कॅरोलायनातल्या रॉक हिलला, म्हणजे राज्य बदललं. लायसन्स चालेल, पण क्लेम कुठल्या राज्याचा आहे त्याप्रमाणे कॉम्पचे नियम बदलतात.

आता मुख्य गोष्ट. या कामात पैसे विमा कंपनी देते आणि पेशंट आपला असतो. नॉर्थ कॅरोलायनाचे नियम इथे स्पष्ट आहेत. पेशंटला डॉक्टरांकडून आपल्या गैरहजेरीत तपासून घ्यायचा हक्क आहे. रिपोर्ट दोन्ही बाजूंना एकाच वेळी जायला हवा. क्लेमच्या वाटाघाटीत किंवा तपासात आपण पडायचं नाही.

माझं पहिलंच वर्ष होतं. एका अ‍ॅडजस्टरचा फोन आला. "घरी भेटायला जाशील तेव्हा अंगणातलं गवत कुणी कापलंय, त्याचा पिकअप जागचा हललाय का, तेवढं बघून कळव." मी गप्प झाले. नवीन होते, नाही म्हणायची हिंमत नव्हती. फर्मवाल्या दोघी बहिणींतल्या धाकटीने माझ्या हातून फोन घेतला आणि म्हणाली, "आमची नर्स त्याचा पाय बघायला जाते आहे." पुढचे चार महिने त्या डेस्ककडून एकही फाइल आली नाही. ते चार महिने तिने स्वतःचा पगार घेतला नाही, माझा मात्र वेळेवर दिला. मला हे वर्षभराने कळलं, तेही मोठीकडून.

म्हणून तुम्हाला एकच सांगते. पगार, पद, हिस्सा हे सगळं विचारा, पण त्याआधी सासूबाईंना विचारा की त्यांनी आजवर कुणाला नाही म्हटलंय का. कधी, कुणाला, आणि त्याचं पुढे काय झालं. फर्म घरची असो की परक्याची, रिपोर्टखाली सही तुमची आणि लायसन्स नंबर तुमचा. नर्सिंग बोर्डासमोर उभं राहायची वेळ आली तर सासूबाई तुमच्या जागी उभ्या राहू शकत नाहीत.

हिशेबनीस

उंबरठा ताईंचा प्रतिसाद उत्तम. मी अकाउंटंट आहे, अशा दोन-तीन छोट्या फर्मची पुस्तकं पाहिली आहेत. माझ्या बाजूचं सांगतो.

मागच्या तीन वर्षांची बिलं क्लायंटवार मांडून बघा. नवराच हिशेब बघतो म्हणजे एका संध्याकाळचं काम आहे. अशा फर्ममध्ये बऱ्याचदा निम्म्याहून जास्त फाइल्स एकाच विमा कंपनीच्या एक-दोन अ‍ॅडजस्टर्सकडून येतात. तो अ‍ॅडजस्टर नोकरी बदलतो, किंवा कंपनी ठरवते की आता देशभरासाठी एकच मोठा व्हेंडर, की दोन महिन्यांत खुर्च्या रिकाम्या होतात. तुमच्या सासूबाईंच्या ओळखीवर येणारं काम त्या निवृत्त झाल्यावर तुमच्याकडे येईलच असं नाही. त्यामुळे पहिल्या वर्षापासून अ‍ॅडजस्टर तुम्हाला तुमच्या नावाने ओळखायला हवेत. शक्य असेल तर सासूबाईंनी न आणलेला एक तरी क्लायंट तुम्ही आणा.

बिलिंग तासाच्या दहाव्या भागात होतं, म्हणजे ६ मिनिटांचा एक तुकडा. तुम्ही जे ९:१२ ते ९:४८ लिहिलंय ना, ते बरोबर सहा तुकडे झाले, ०.६ तास. वेळ जागेवरच लिहिणं हा त्या फर्मचा कणा आहे. संध्याकाळी आठवून लिहिणाऱ्यांचं बिल एक तर कमी होतं नाहीतर खोटं होतं.

तुम्हाला डब्ल्यू-२ वर (पगारी कर्मचारी म्हणून) घेणार की १०९९ वर (स्वतंत्र कंत्राटदार म्हणून), ते विचारा. १०९९ वर असाल तर १५.३ टक्के सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स पूर्ण तुमच्या अंगावर. डब्ल्यू-२ वर त्यातला निम्मा, ७.६५ टक्के, फर्म भरते. घरचीच म्हणून सोयीसाठी १०९९ लावतात, पण कामाच्या वेळा, पद्धत, सगळं फर्म ठरवत असेल तर ते नियमात बसत नाही. गाडी स्वतःची वापरणार असाल तर मैलांची नोंद ठेवा, २०२५ साठी आयआरएसचा (करखात्याचा) दर मैलाला ७० सेंट होता. प्रोफेशनल लायबिलिटी पॉलिसीत तुमचं नाव आहे याची खात्री करा.

आणि विमा कंपन्या पैसे उशिरा देतात. पगाराला पुरतील एवढे तीन महिन्यांचे पैसे बाजूला आहेत का, हे नवऱ्याला विचारायला संकोच करू नका.

पाऊलवाट

हिशेबनीस म्हणतात ते मी भोगलंय, म्हणून लिहिते. राज्य आणि नावं सांगत नाही.

मामींची फर्म. मी पाच वर्षं काम केलं. मामा म्हणायचे, "तुलाच चालवायचीय गं पुढे." मीही तेच धरून चालले. पगारवाढ मागितली नाही, शनिवार-रविवार रिपोर्ट लिहिले, मामींच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांच्या अठरा फाइल्स एकटीने सांभाळल्या. मग एका मोठ्या कंपनीने फर्म विकत घेतली. मला ती बातमी इतर नर्सेसबरोबर ईमेलने कळली. दोन आठवड्यांनी नव्या मालकांनी माझी जागा कमी केली.

मामींनी फसवलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी विकायचं ठरवलं तेव्हा मी त्यांच्या हिशेबात "घरची मुलगी" होते आणि घरच्या मुलीला काय, काहीतरी मिळेलच. भागीदार म्हणून मी कुठल्याच कागदावर नव्हते. आम्ही आता एकमेकींशी बोलतो, सणाला जाते, पण आईचं आणि मामाचं पूर्वीसारखं राहिलं नाही. त्याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून हिस्सा देणार असतील तर किती, कधी, कुठल्या अटीवर, आणि फर्म विकली तर तुमचं काय, हे वकिलाकडून भागीदारीच्या करारात, म्हणजे ऑपरेटिंग अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहून घ्या. दिराची आणि जावेची संमतीही त्यातच. आणि जेवणाच्या टेबलावर पेशंटबद्दल बोलायचं नाही, हा नियम पहिल्या दिवशी करा. आमच्याकडे वरणभात वाढता वाढता अमक्याची पाठ, तमक्याचा एमआरआय चालायचं, मुलं ऐकत बसलेली असायची. आज ते आठवलं तरी पोटात कालवतं.

सीसीएम मात्र मी तिथेच असताना केलं होतं. तेवढ्यावर सहा आठवड्यांत हॉस्पिटलमध्ये नोकरी मिळाली.

नदीकाठ

मी नर्स नाही. मी दुसऱ्या बाजूचा आहे. चालेल ना?

गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचो. वरून पॅलेट घसरलं, अडवायला हात वर केला आणि उजव्या खांद्यात काहीतरी तुटल्यासारखं झालं. त्यानंतर पगाराच्या दोन तृतीयांश चेक यायचा. घराचा हप्ता मात्र पूर्णच भरावा लागतो. पहिली केस मॅनेजर आली तेव्हा मी बायकोला म्हणालो, ही कंपनीची बाई, हिच्यापुढे कमी बोल. ती वाईट नव्हती. पण डॉक्टरांकडे दर वेळी तिचा एकच प्रश्न, "कामावर कधी?" मी आणखी गप्प होत गेलो. फिजिओथेरपीत दुखलं तरी सांगायचो नाही, कारण सांगितलं की नाटक करतो म्हणतील असं वाटायचं.

पुढे फाइल दुसऱ्या नर्सकडे गेली. वयाने मोठ्या होत्या. स्वयंपाकघरात बसल्या, कागद उघडले नाहीत. विचारलं, "रात्री कुठल्या कुशीवर झोपता?"

मी म्हणालो, झोपतच नाही. खुर्चीत बसून काढतो रात्र. आडवं झालं की खांदा ठणकतो. त्यांनी विचारलं, डॉक्टरांना सांगितलंत? नव्हतं सांगितलं. कुणी विचारलंच नव्हतं. पुढच्या भेटीला त्यांनी मला आधी एकट्याला आत पाठवलं आणि म्हणाल्या, हेच सांगा, याच शब्दांत. तोवर दोनदा नाकारलेला एमआरआय त्या महिन्यात मंजूर झाला. रोटेटर कफ फाटला होता. ऑपरेशननंतर आठ महिन्यांनी मी कामावर गेलो, फोर्कलिफ्टवर नाही, डिस्पॅचला. तेही त्यांनीच मालकाशी बोलून जमवलं.

त्या बाई मोठ्या कंपनीच्या होत्या की घरच्या फर्मच्या, मला आजही माहीत नाही. ताई, तुम्ही हे काम घ्या असं मला वाटतं. ऑर्थोमध्ये नऊ वर्षं काढलेल्या माणसाला खांदा काय असतो ते कळतं.

केवडा

नदीकाठ, खूप आभार. हा प्रश्न मी उद्यापासून फोनवरही विचारणार.

रातराणी

सगळ्यांचे मनापासून आभार. दोनदा वाचून काढलं. उंबरठा ताई, फील्डच्या पुढे या कामात वाट कुठे जाते? वीस वर्षं गाडीच चालवायची का?

उंबरठा

नाही, वाटा आहेत. मणक्याला किंवा मेंदूला गंभीर दुखापत झालेल्यांचे लाइफ केअर प्लॅन असतात: पुढच्या पूर्ण आयुष्यात त्याला काय काय लागेल, व्हीलचेअर किती वर्षांनी बदलायची इथपर्यंत. त्याचं वेगळं सर्टिफिकेशन आहे. दुसरं मेडिकेअर सेट-असाइड (मेडिकेअर म्हणजे वृद्धांसाठी आणि अपंगांसाठीचा सरकारी आरोग्य विमा). तडजोडीच्या वेळी पुढच्या उपचारांचे पैसे बाजूला काढावे लागतात. माणूस आधीच मेडिकेअरवर असेल आणि तडजोडीची एकूण रक्कम २५,००० डॉलर्सच्या वर असेल, किंवा ३० महिन्यांत मेडिकेअर लागण्याची शक्यता असून रक्कम अडीच लाख डॉलर्सच्या वर असेल, तर तो प्रस्ताव सीएमएस, म्हणजे मेडिकेअर चालवणारं सरकारी खातं, तपासून देतं. हे काम टेबलावरचं आहे, पण फील्डवर पाच-सात वर्षं काढलेलीच ते नीट करते. छोट्या फर्मला असं एखादं खास काम येत असेल तर मोठ्या व्हेंडरच्या लाटेतही ती टिकते. सासूबाई काय म्हणाल्या ते जरूर कळवा.

रातराणी

(पाच महिन्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा.)

मी विचारलं. रविवारी दुपारी, सगळे झोपले होते तेव्हा. "आई, तुम्ही कधी कुणाला नाही म्हटलंत का?"

मला वाटलं होतं त्या चार किस्से सांगतील. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "नाही म्हटलं ते बरेचदा. एकदा नाही म्हटलं नाही, ते सांगते." फर्मचं तिसरं वर्ष होतं, एकच मोठा क्लायंट, माझे सासरे तेव्हा बिनकामाचे घरी. अ‍ॅडजस्टर एमएमआयची वाट बघत होता, म्हणजे आता आणखी सुधारणा होणार नाही असं डॉक्टरांनी लिहून द्यायची. पेशंटने त्यांना जाता जाता सांगितलं होतं की रात्री हात बधिर होतो. त्या डॉक्टरांशी त्याबद्दल बोलल्या नाहीत आणि रिपोर्टमध्येही ते वाक्य घातलं नाही. "खोटं काही लिहिलं नाही गं मी. एक ओळ गाळली." वर्षभराने त्याच माणसाचं मानेचं ऑपरेशन झाल्याचं कळलं. तेव्हापासून त्या गाडी सुरू करायच्या आधी लिहितात. घरी पोचेपर्यंत मनात काय गाळायचं ते ठरू लागतं, असं त्या म्हणाल्या.

मी त्याच रात्री नवऱ्याला हो म्हटलं.

बाकीचं तुमच्या सल्ल्याप्रमाणे. डब्ल्यू-२ वर आहे. सासूबाई सीसीएम आहेत, देखरेखीचे तास दर शुक्रवारी लिहून दोघी सही करतो. हॉस्पिटलमध्ये महिन्यातून दोन पाळ्या ठेवल्यात, हात राहावा म्हणून. हिशेबनीस, निम्म्याहून जास्त काम खरंच एका क्लायंटकडून निघालं. नवऱ्याला स्वतःलाच धक्का बसला. पाऊलवाट, वकिलाकडे आम्ही पाच जण गेलो, जाऊबाईही. दोन गोष्टींवर अजून एकमत नाही, पण बोलणं सुरू आहे. आणि जेवणाच्या टेबलाचा नियम मुलीनेच कडक केलाय, कुणी "फाइल" म्हटलं की ती हात वर करते.

परवा पहिल्यांदा एकटी गेले. नर्सिंग होममध्ये पेशंटला उचलताना खांदा दुखावलेली एक नर्सिंग असिस्टंट. दार अर्धंच उघडलं, उभ्या उभ्याच बोलत होती, हो-नाही एवढंच. मी कागद पिशवीत ठेवले आणि विचारलं, रात्री कुठल्या कुशीवर झोपता?

तिने माझ्याकडे पाहिलं, मग दार पूर्ण उघडलं आणि कोपऱ्यातली रिक्लायनर दाखवली. तिच्यावर उशी होती, घडी केलेलं पांघरूण होतं. "सहा आठवडे," ती म्हणाली.

बाहेर येऊन गाडीत बसले. वही काढली, १०:०६ ते १०:५४ लिहिलं, आणि त्याखाली तिचे ते दोन शब्द, तिने म्हटले तसेच.